पिठातलं पाऊल

आमच्या सरांना माणसं तोंडावरून ओळखू येत नसत. खोटं वाटेल, पण शपथेवर सांगते. दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात होते, वर्गात मुली चारच, त्यांत उंच मीच. तरी बाजारात समोर गेले की सर माझ्या चेहऱ्याकडे वाट चुकलेल्या पाहुण्यासारखे बघायचे. मग नजर खाली जायची. मी दोन पावलं चालले की लगेच म्हणायचे, "काय वं, टाचा उचलाचा व्यायाम बंद केला वाटते तू!" आता भर बाजारात, हातात मेथीच्या जुड्या घेऊन, माणसानं यावर काय बोलावं? मी 'करते सर' म्हणून पळ काढायचे.

बारावीला मी शारीरिक शिक्षण हा विषय घेतला होता. आजही कुणाला सांगितलं की तोंड वाकडं होतं. "पीटीत पास व्हायला काय लागतं?" या म्हणावं इकडे! पूर्ण मार्कांचा विषय होता तो. हाडं, स्नायू, श्वास, प्रथमोपचार, शरीराच्या ठेवणीतले दोष, आणि हे सगळं पाठ करून वर मैदान. तालुक्याच्या आमच्या लहानशा कॉलेजात हा विषय होता तो केवळ सरांमुळे. सर मूळचे अकोल्याकडचे, शिकलेले अमरावतीला. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्यांनी वाजवलेली मी कधी ऐकली नाही. म्हणायचे, "शिट्टीनं मानूस दचकते. दचकलेला पाय खोटा पडते."

खोटा पाय आणि खरा पाय, हे त्यांचं सगळं शास्त्र. तळव्याची तपासणी तर पुस्तकातच आहे: पाय ओला करून कोरड्या जागी ठेवायचा आणि ठसा बघायचा. ज्याच्या ठशात मधे खळगा दिसतो त्याचा पाय चांगला, ज्याचा ठसा भरून येतो तो सपाट. पण इतर शिक्षक ते फळ्यावर काढून दाखवतात. सर प्रत्येक मुलाला ओल्या पायानं जुन्या पेपरवर उभं करायचे आणि ओल सुकायच्या आत निळ्या पेन्सिलीनं कड काढून घ्यायचे. खाली नाव, वर्ग. असे कित्येक वर्षांचे ठसे खेळाच्या सामानाच्या खोलीत दोऱ्यांवर टांगलेले होते. दार उघडलं की वारा आत जायचा आणि सगळे पाय हलायचे. त्या खोलीत डंबेल आणायला एकटं जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं, खरं सांगते.

माझा पाय सपाट निघाला. मधे खळगा म्हणून नाही, पोळपाटावरची पोळी नुसती. सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. आत जाऊन एक पिवळा पडलेला पेपर घेऊन आले आणि माझ्या ठशाशेजारी ठेवला. "हा तुह्या दादाचा. तीन वर्षाआधीचा. खळगा पाह्य केवढा! अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब. एका मायचे दोघं, अन् पाय पाहा." दादा माझा सख्खा मोठा भाऊ, त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्या दिवसापासून मला रोज शंभर वेळा टाचा उचलायची शिक्षा लागली.

आणि एक. सर कुणाच्या ठशावर पाय देत नसत. पाऊस पडून गेल्यावर आमच्या काळ्या मातीत बोट बोट खोल पावलं उमटतात. सर त्या चिखलातून बगळ्यासारखे वाट काढत यायचे, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. कुणी मुलगा दुसऱ्याच्या पावलावरून धावत गेला की ओरडायचे, "अरे भैताडा, त्याच्यात तो अजून उभा हाय ना!" आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. हसायचो आणि मग गुपचूप बाजूनं जायचो.

संध्याकाळी घरी जायच्या आधी सर लांब उडीच्या खड्ड्यातली माती स्वतः दाताळ्यानं सारखी करायचे. सकाळी आम्ही जमलो की आदल्या रात्री मैदानात कोण कोण येऊन गेलं ते वाचून दाखवायचे. "दोघं आले होते, एक पिऊन होता. ही बाई, डोक्यावर ओझं, सहावा महिना असंल." आम्हांला पेपर वाचल्यासारखं वाटायचं. एकदा सकाळी आलो तर सर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले. खड्ड्यात शिरणारी अनवाणी पावलं होती. मधोमध दोन्ही पाय जोडून उभे होते. पुढं काही नाही. मागं फिरल्याचं नाही, बाजूला गेल्याचं नाही.

एक मुलगा म्हणाला, "सर, उडी मारली असंल बाहेर."

सर म्हणाले, "उडी मारनाऱ्याचा चवडा रुतते बापू. हा तं निवांत उभा हाय."

मग त्यांनी त्या दोन पायांभोवती विटा मांडल्या. आठ दिवस आम्ही दुसरीकडे उड्या मारल्या.

वेडा माणूस, असं प्राध्यापकांच्या खोलीत सगळे म्हणत. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, मोठे ऐटबाज. सरांनी त्यांनाही बूट काढून ओल्या पायानं पेपरवर उभं केलं. ठसा बघून म्हणाले, "साहेब, उजवा गुडघा सांभाळा." साहेब भडकले. पुढच्या वर्षी काठी टेकत आले आणि सरांशी फार अदबीनं बोलले.

आता पिठाचं सांगते. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी घरात परातीत पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि परातीवर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पिठात काय उमटलंय ते बघतात. गेलेलं माणूस कोणत्या रूपात आलं, आलं की नाही, ते त्यावरून ठरतं. कुणाला त्यात चिमणीचा पाय दिसतो, कुणाला गाईचा खूर, आणि त्यावरून चार म्हाताऱ्यांत भांडणं होतात. कॉलेजच्या चपराशाचा बाप गेला तेव्हा अशीच भांडणं जुंपली. चपराशी म्हणाला, थांबा, आमच्या सरांना आणतो, त्यांना पायातलं सगळं समजतं. आता मला सांगा, ही काय शारीरिक शिक्षणाच्या मास्तरची कामं आहेत? पण सपाट पाय तपासणारा माणूस मेलेल्याचा पायही तपासू शकेल, असं त्या भोळ्या माणसाला मनापासून वाटलं.

सर गेले ते खरं म्हणजे समजूत घालायला. पीठ बसतं, मुंग्या फिरतात, टोपल्याला ओल सुटते, असं सगळं वाटेत चपराशाला सांगत गेले. परातीपाशी बसले, पिठावर वाकले. मग म्हणाले, "डाव्या पायावर जोर कमी हाय." म्हाताऱ्याच्या डाव्या मांडीत लहानपणापासूनची जखम होती, तो जन्मभर लंगडत चालला. घरातल्या बायका मोठ्यानं रडायला लागल्या.

झालं. तेव्हापासून सरांना बोलावणी येऊ लागली. आणि त्या वर्षांत आमच्या भागात शेतकऱ्यांची मरणं फार झाली. त्याबद्दल पुष्कळ लिहून आलंय, मी नव्यानं काय सांगू? हजेरी घेताना कुणी गैरहजर असला तर सर कारण विचारत नसत, एवढंच सांगते. सर सायकलवर जायचे, परातीपाशी बसायचे, तीनच वाक्यं बोलायचे. "मानूस हाय. एकटाच हाय. घाईत नाई." त्या तीन वाक्यांवर लोक घास गिळायचे. चहासुद्धा घेत नसत सर कुणाकडे. काही घरी मात्र ते परातीकडे बघून नुसतेच बाहेर येत आणि सायकल काढत. घरचे मागं धावत, "सर, काय दिसलं?" सर म्हणत, "पीठ दिसलं."

एकदा वर्गात मी विचारलं, "सर, हे शास्त्रात बसतं का?" माझं तोंड आधीपासून असंच आहे, आत काही राहत नाही. सर म्हणाले, "पाय कसा हाय तेवढंच मी सांगतो. तो कोठून आला, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाई."

आमची संत्र्याची बाग शेंदूरजनाघाटच्या बाजूला. बाबा लवकर गेले. बाग मायनं जगवली. बोअरचं पाणी खाली खाली गेलं तशी झाडं शेंड्याकडून वाळत आली. माय उन्हाळाभर डोक्यावरून घागरी नेऊन एकेका झाडाच्या बुडाशी ओतायची. मी बारावीला असताना एक दिवस माय माहेरी गेली होती, तेवढ्यात दादानं करवतवाला बोलावून सगळी बाग तोडून टाकली. त्याचंही काही चुकलं नव्हतं, झाडं मेलीच होती. पण मायला विचारलं नाही ना! ती परत आली, बुडख्यांकडे बघून आली आणि अंगणात उभी राहून त्याला म्हणाली, "आजपासून माह्या दारात पाय ठेवू नोको तू." दादा तसाच निघाला. लाकूड नेणाऱ्या एका ट्रकवर कामाला लागला. विसाव्या दिवशी तो ट्रक घाटात उलटला.

मायनं रडणं असं केलंच नाही. दार धरून बसली. भाकरीचा तुकडा तोंडात घालीना. मामा आले, डॉक्टर आणला, सलाइन लावलं ते तिनं उपसून टाकलं. तिचं एकच चालू होतं: "मीच मनलं त्याले पाय ठेवू नोको. आता तो येत नाई. त्याचं पाऊल दिसल्याबिगर मी खात नाई." नवव्या दिवशी तिला धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन म्हणाला, आणखी दोन दिवस असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

त्या संध्याकाळी परात मांडली. मधल्या खोलीत, दादा झोपायचा तिथं. दिवेलागणीला सगळे मागच्या अंगणात होते. मी आत गेले, टोपलं उचललं आणि माझा उजवा पाय पिठात ठेवला. हलकेच, पण नीट. टोपलं परत झाकलं. पाप वाटलं का? वाटलं. पण भाऊ गेलेलाच होता, मायही जाऊ द्यायची का? मी तेव्हा सतरा वर्षांची होते, माझ्या हातात दुसरं काय होतं?

बाहेर आले तर मामा कुणाला तरी सांगत होते, "सकाळी पोरीच्या कॉलेजचे सर येऊन राहिले. त्याहीलेच पाहू देऊ, म्हंजे तिच्या मायचा विश्वास बसंल." अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस माझा पाय ओळखणारा, आणि त्यालाच बोलावलं! परत जाऊन पुसावं म्हटलं, तर मधल्या खोलीच्या दारात माय भिंतीला टेकून बसलेली. रात्रभर ती तिथून हलली नाही.

सकाळी सायकल वाजली. सरांनी बूट काढले, पाय धुतले, आत गेले. टोपलं उचललं. मी दारात मायच्या मागं, खोलीकडं पाठ करून उभी होते. स्वतःचाच पाय काय बघायचा? दिव्याची वात चरचरलेली ऐकू आली. फार वेळ गेला. मान वळवली तर सर परातीकडे बघत नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते. मी बोटं आखडून घेतली.

मग सर मायकडे वळून म्हणाले, "त्याचाच हाय. एकटाच हाय. घाईत नाई."

मायनं दाराला धरून पुढं येऊन परातीत बघितलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्या मामीला म्हणाली, "भाकर दे वं मले."

मामांनी पीठ नदीत सोडलं. सरांनी मला वाचवलं, मायला वाचवलं, हे मी मनात धरून ठेवलं. पुढं सर माझ्याशी पहिल्यासारखेच वागले, टाचा उचल म्हणून ओरडले. मी पास झाले, अमरावतीला पुढचं शिक्षण घेतलं, नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शाळेत लागले. पण एक भीती कायम राहिली. माय जेवायला बसली की वाटायचं, हिच्या घासाघासाखाली माझं खोटं आहे. आणि दादा खरंच कधी आला नाही, हे घरात एकटीला मलाच माहीत आहे.

अकरा वर्षांनी सरांना भेटायला अकोल्याला गेले. निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. माझ्या तोंडाकडे नेहमीसारखं परक्यासारखं बघितलं, मग पायांकडे बघून हसले. चहा झाला. मी म्हटलं, "सर, तुमचे उपकार हाय माह्यावर. त्या दिवशी परातीत माह्या पाय होता. तुमी ओळखला, तरी बोलले नाई."

सर कप खाली ठेवून म्हणाले, "तुह्या टाचेच्या भेगेत पीठ होतं. ते मी पाह्यलं. म्हनूनच बुचकळ्यात पडलो होतो."

"कायचं बुचकळ्यात?"

"पोरगी पाय ठेवून आली, हे दिसून राह्यलं. मंग परातीत तिचा पाय काहून नाई? तुह्या पायाले खळगा हाय का? परातीतल्या पायाले होता. अन् अंगठ्याजवळचं बोट लांब."

मी म्हटलं, "सर, माह्यी समजूत काढू नोका."

"मी कधी काढली का वं कोनाची?" सर म्हणाले. ते खरं होतं. 'पीठ दिसलं' म्हणणारा माणूस तो. पुढं म्हणाले, "इतके वर्षं वाट पाह्यली, तू इचारशील म्हनून."

अकोल्याहून मी घरी न जाता सरळ मायकडे गेले. माय ओसरीत तूर पाखडत होती. मी चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं: संध्याकाळी आत गेले, पाय ठेवला, तुला फसवलं. वाटलं, आता सूप फेकून मारते.

माय म्हणाली, "मालूम हाय मले. तू बाहेर आली अन् मी भिंत धरत आत गेली. टोपलं उचललं. सपाट पाय, तुह्याच. माह्या लेकराचा नोहता. मी हातानं पुसला, चाळनी घेऊन पीठ पुन्हा सारखं केलं, अन् दारात येऊन बसली."

मला रागच आला. अकरा वर्षं मी जीव मुठीत धरून तिच्या ताटाकडे बघितलं होतं. "मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तू माह्यासाठी ठेवला होता वं पाय," माय म्हणाली. "तो पुसला म्हनून तुले कोन्या तोंडानं सांगू?"

मी तिथंच खाली बसले. मधल्या खोलीला दार एकच, खिडकी नाही. "अन् रातभर तू दारात होती. आत गेलं कोनी?"

"दारातून तं कोनी नाई आलं," माय म्हणाली. सूप तिच्या हातात थांबलं होतं. "पाऊल भिंतीकडून इकडं होतं. त्याले मीच दारातून बंदी केली होती ना. मंग लेकरू तिकडून आलं."

तेव्हा मी रडले. दादासाठी रडायची ती माझी पहिलीच वेळ. तोवर मला नुसती पकडलं जायची भीतीच वाटत होती. माय उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहिलो. दिवा लावायला मधल्या खोलीत, त्याच भिंतीपाशी, जायचं होतं. आमच्यातलं कुणीच आधी उठलं नाही.